पैलवानाची ताकद कुठे असते? दंडात की मांडीत?

(पूरक वाचन : शारीरिक शिक्षण आणि विज्ञान, इयत्ता ९ वी व १० वी)



कुणालाही "ताकद दाखव" म्हटलं की तो काय करतो? बाही वर सरकवतो, हात कोपरात वाकवतो आणि दंडातली बेटकुळी फुगवून दाखवतो. पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन "ही बघ पोटरी" म्हणणारा मुलगा तुम्ही कधी पाहिलाय का? सहसा नाही. ताकद म्हणजे दंड, ताकद म्हणजे छाती, असं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

आता कुस्तीच्या फडात जाऊ. पैलवान मैदानात उतरतो आणि शड्डू ठोकतो. कुठे ठोकतो? दंडावर आणि मांडीवर. म्हणजे पैलवानाला ताकदीचे दोन पत्ते माहीत आहेत, आपल्याला मात्र एकच! आजच्या पाठात आपण हे दोन्ही पत्ते शोधणार आहोत. कमरेच्या वरची ताकद आणि कमरेच्या खालची ताकद यांचं काम काय, त्या एकमेकींना जोडल्या कशा जातात आणि एकीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे समजून घेणार आहोत.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांसाठी हा विषय पुस्तकातला नाही, घरातला आहे. करमाळा तालुक्यातल्या खडकीच्या बाला रफिक शेखने २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. मोहोळचा सिकंदर शेख नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला महाराष्ट्र केसरी झाला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याला झालेल्या स्पर्धेत मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड उपविजेता ठरला. या पैलवानांकडे बघून आपल्याकडची कितीतरी पोरं तालमीत जातात, जिम लावतात. तिथं ती शरीराचा कोणता भाग घडवतात आणि कोणता विसरतात, यावर त्यांची कुस्तीच नव्हे, तर पुढच्या आयुष्यातले त्यांचे गुडघे आणि पाठसुद्धा अवलंबून असते. म्हणून हा पाठ नीट वाचा.

१. शरीराचे दोन मजले आणि मधला जिना

आपल्या शरीराला दोन मजली घर समजू.

खालचा मजला : कुल्ल्याचे, मांडीच्या पुढचे, मांडीच्या मागचे आणि पोटरीचे स्नायू. शरीरातला आकाराने सर्वांत मोठा स्नायू कुल्ल्याचा आहे. शरीरातल्या एकूण कंकाल स्नायूंपैकी निम्म्याहून जास्त स्नायू या खालच्या मजल्यावर राहतात.

वरचा मजला : छाती, पाठीचा वरचा भाग, खांदे, दंड, मनगट, पंजा आणि मान. हे स्नायू तुलनेने लहान, पण चपळ आणि बारीक काम करणारे. धरणं, ओढणं, ढकलणं, पिळणं, दिशा देणं ही त्यांची कामं.

मधला जिना : पोट, कंबर आणि पाठीचा खालचा भाग. खालची ताकद वर जाते ती या जिन्यानेच.

शेतातलं उदाहरण घेतलं तर आणखी सोपं होईल. विहिरीत मोटर असते, तिथून पाइपलाइन निघते आणि शेवटी तुषार सिंचनाचं नोझल असतं. पाणी उडताना दिसतं ते नोझलमधून. म्हणून कुणी "नोझलमुळे पाणी येतं" म्हणेल का? पाण्याला जोर देते ती मोटर. पण मोटर कितीही मोठी असली आणि पाइप मधेच फुटका असेल, तर नोझलपर्यंत काय पोचणार? आणि नोझलच तुंबलेलं असेल तर? पैलवानाचे पाय म्हणजे मोटर, कंबर म्हणजे पाइपलाइन आणि हात म्हणजे नोझल. तिन्ही धड हवेत.

२. जोर लागतो कशाच्या आधारावर?

न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही पाठ केलेला आहे : प्रत्येक क्रियाबलाला समान आणि विरुद्ध दिशेने प्रतिक्रियाबल असते. आता तो जरा अंगाला लावून बघू.

तुम्ही समोरच्याला हाताने ढकलता तेव्हा तोही तुम्हाला तितक्याच बलाने मागे ढकलत असतो. मग तुम्ही मागे का जात नाही? कारण तुमचे पाय जमिनीला मागच्या बाजूला रेटतात आणि जमीन तुम्हाला पुढे रेटते. म्हणजे हातातून जेवढा जोर पुढे द्यायचा, तेवढा जमिनीकडून पायांना मिळालाच पाहिजे. पायांना आधार मिळाला नाही तर हातातली ताकद असून नसल्यासारखी.

घरी अनुभव घ्या. गुळगुळीत फरशीवर पायात मोजे घालून कपाट ढकलायला जा. कपाट जागच्या जागी राहील आणि तुम्हीच मागे घसराल. आता चांगल्या तळव्याचे बूट घालून ढकला. फरक लगेच कळेल.

थोडं गणित करू. समजा, तुमचं वस्तुमान ६० किलो आहे. म्हणजे जमिनीवर पडणारं तुमचं वजन ६० × ९.८ = ५८८ न्यूटन. मोजे आणि फरशी यांचा घर्षणगुणांक ०.२ धरला, तर तुम्हाला जास्तीत जास्त ५८८ × ०.२ = सुमारे ११८ न्यूटन जोर लावता येईल. बुटांसाठी घर्षणगुणांक ०.६ धरला, तर ५८८ × ०.६ = सुमारे ३५३ न्यूटन. हात तेच, दंड तेच, पण जोर तिप्पट! बदललं काय? फक्त पाय आणि जमीन यांचं नातं.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. वजन जास्त, तर घर्षण जास्त. म्हणून भारी पैलवानाला हलवणं अवघड जातं आणि म्हणूनच कुस्तीत वजनगट केले जातात.

३. सोलापूरचं आपलं उदाहरण : नंदीध्वज

संक्रांतीच्या वेळी श्री सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. शहरातल्या आणि परिसरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी उंचच उंच नंदीध्वज पेलत चालतात. यंदा मिरवणूक बघाल तेव्हा वर शेंड्याकडे बघून झालं की एकदा नजर खाली आणा आणि नंदीध्वज पेलणाऱ्याचे पाय बघा.

उंच काठीचा गुरुत्वमध्य वर असतो. शेंडा जरा कलला की सगळा भार त्या बाजूला झुकतो. अशा वेळी नुसत्या दंडाच्या बळावर काठी सरळ धरायची म्हटली, तर हात काही क्षणांत भरून येतील. पेलणारा माणूस काय करतो? भार कमरेजवळ घेतो, गुडघे किंचित सैल ठेवतो आणि काठी जिकडे झुकेल तिकडे पाय नेऊन भाराच्या बरोबर खाली येतो. हात फक्त काठीला वळण देतात, भार वाहतात ते कंबर आणि पाय. तळहातावर छडी उभी धरताना तुम्ही हात जसा सरकवत राहता, तसंच हे आहे. फरक एवढाच, की इथं सगळं शरीर सरकतं. म्हणूनच यात्रेच्या आधी सराव करावा लागतो. नुसता दणकट माणूस आणून उभा केला तर चालत नाही.

"पेलणे" हा आपल्या भाषेतला शब्दच बघा. उचलणे वेगळं आणि पेलणे वेगळं. उचलायला जोर पुरतो, पण पेलायला जोर आणि तोल दोन्ही लागतात.

४. जपानचा सुमो : पोट दिसतं, पाय दिसत नाहीत

आता जरा लांब जाऊ. जपानचे सुमो पैलवान टीव्हीवर पाहिले असतील. बघणारे हसतात, "काय हे लठ्ठ!" म्हणतात. पण अभ्यास करणाऱ्यांनी या पैलवानांची शरीरं मोजली, तेव्हा काही जणांचं चरबी वगळून उरलेलं वजनच १०० किलोच्या वर भरलं. म्हणजे त्या चरबीच्या आत स्नायूंचा डोंगर आहे.

सुमोचा नियम सोपा आहे. साधारण ४.५५ मीटर व्यासाचं मातीचं रिंगण असतं, त्याला दोह्यो म्हणतात. रिंगणाच्या बाहेर गेलात किंवा तळपायाशिवाय शरीराचा कोणताही भाग जमिनीला टेकला, की हरलात. व्यावसायिक सुमोत वजनगट नसतात. वरच्या श्रेणीतल्या पैलवानांचं सरासरी वजन १५० किलोच्या पुढे आहे. बऱ्याच लढती काही सेकंदांतच संपतात. जिंकण्याचे अधिकृत प्रकार ८२ आहेत, पण सर्वांत जास्त लढती दोनच साध्या प्रकारांनी सुटतात : हातांनी ढकलून बाहेर काढणे, किंवा कमरेचा पट्टा धरून रेटत बाहेर नेणे.

हे ऐकून वाटेल, ढकलायचंच आहे तर छाती आणि हात हवेत. पण त्यांचा रोजचा व्यायाम बघा :

शिको : पाय फाकवून खाली बसायचं, एक पाय बाजूला उंच उचलायचा, क्षणभर दुसऱ्या पायावर तोल धरायचा आणि उचललेला पाय जोरात जमिनीवर आपटायचा. मग दुसरा पाय. असं रोज शेकडो वेळा.

सुरिआशी : गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, तळपाय जमिनीवरून न उचलता सरकत पुढे जायचं.

तेप्पो : लाकडी खांबावर तळहातांचे तडाखे द्यायचे. हा वरच्या शरीराचा व्यायाम. पण यातही गंमत आहे. ज्या बाजूचा हात पुढे जातो, त्याच बाजूचा पायही त्याच वेळी पुढे सरकतो. हाताचा व्यायामसुद्धा पायाला सोडून करायचा नाही!

आता दोन्ही मजल्यांची जोडी कशी जमते ते बघा. सुमो पैलवान समोरच्याला सरळ ढकलत नाही. तो खाली राहतो आणि खालून वर असा ढकलतो. का? न्यूटनला परत बोलवा. मी समोरच्याला वरच्या दिशेने २०० न्यूटन बल लावलं, तर तो मला खालच्या दिशेने २०० न्यूटन दाबतो. माझा जमिनीवरचा दाब वाढला, म्हणजे माझं घर्षण वाढलं. त्याचा दाब तेवढाच कमी झाला, म्हणजे त्याचं घर्षण घटलं. माझे पाय जमिनीत रुतले, त्याचे पाय सुटले! हातांनी इथं कोणतं काम केलं? स्वतःच्या पायांना आधार मिळवून दिला आणि समोरच्याच्या पायांचा काढून घेतला. ताकदवान हात असा वापरायचा असतो.

आणि पाय गेले तर काय होतं, तेही याच खेळात दिसतं. तेरुनोफुजी हा मंगोलियात जन्मलेला पैलवान २०१५ मध्ये ओझेकी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर पोचला. मग गुडघ्याच्या दुखापती आणि आजारपण मागे लागलं. २०१९ पर्यंत तो घसरत घसरत खालून दुसऱ्या श्रेणीत गेला. अशा वेळी पैलवानाचे दंड कितीही दणकट असले तरी उपयोग नसतो, कारण उभं राहायला जागाच उरत नाही. त्याने गुडघे सावरले, तळातून पुन्हा सुरुवात केली आणि २०२१ मध्ये तो ७३ वा योकोझुना झाला. योकोझुना म्हणजे सुमोतलं सर्वोच्च पद.

५. आपल्या कुस्तीतले डाव : कोण काय काम करतं?

आपल्या कुस्तीत समोरच्याला नुसतं बाहेर ढकलून भागत नाही. मातीवर तर त्याला चितपट करावं लागतं. त्यामुळे दोन्ही मजल्यांची कामं जास्त गुंतागुंतीची होतात. काही डाव घेऊन बघू.

पट काढणे : समोरच्याच्या मांडीला किंवा दोन्ही मांड्यांना मिठी मारून त्याला खाली आणायचं. मिठी हातांची, पण खाली झेपावून परत वर उठण्याचा झटका मांड्यांचा. ज्याच्या मांडीत दम नाही, त्याच्या हातात पट येतो पण निघत नाही.

धोबीपछाड : समोरच्याचा हात खांद्यावरून ओढायचा, कंबर त्याच्याखाली घालायची आणि धोबी कपडा आपटतो तसं पुढे टाकायचं. इथं आपली कंबर म्हणजे तरफेचा टेकू. हात नुसते ओढतात, उचलते ती कंबर आणि सरळ होणारे गुडघे.

ढाक : समोरच्याची मान आणि हात काबूत घेऊन त्याला आपल्या अंगावरून फिरवायचं. वरच्या शरीराची पकड आणि खालच्या शरीराचा फिरकीचा वेग एकाच क्षणी जुळले तरच हा डाव बसतो.

कलाजंग : समोरच्याचा हात ओढून त्याच्याखाली शिरायचं आणि त्याला खांद्यांवर घेऊन पलटायचं. खाली बसून भार घेऊन उठणं आलं, म्हणजे बैठकच की!

आतील टांग, बाहेरील टांग : इथं पाय नुसते जोर देत नाहीत, तर स्वतःच डाव टाकतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर टाकलेल्या बाहेरील टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि त्यावरून महाराष्ट्रभर चर्चा झाली. सोलापूर जिल्ह्याच्या दोन पैलवानांची लढत, आणि सगळी चर्चा एका पायाच्या डावाभोवती!

भारंदाज : समोरचा खाली पडलेला असताना त्याच्या कमरेला मिठी घालून त्याला पलटवायचं. यात पकड, पाठ आणि कंबर यांचा कस लागतो. मनगट सैल पडलं की डाव संपला.

या यादीतून एक गोष्ट लक्षात येईल. एकही डाव नुसत्या हातांचा नाही आणि एकही नुसत्या पायांचा नाही. तरी कामाची वाटणी ठरलेली आहे. पाय बळ पुरवतात, कंबर ते फिरवते आणि हात ते नेमक्या जागी पोचवतात.

६. पाय धरायला बंदी केली तर?

इथं एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, "सर, ज्या कुस्तीत पायाला हातच लावायचा नाही, तिथं तरी वरचं शरीर महत्त्वाचं असेल ना?"

प्रश्न बरोबर आहे. ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे दोन प्रकार असतात. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतात, पायांनी डाव टाकता येतात. ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली पकड करता येत नाही आणि पायांचा वापर करून पाडताही येत नाही. आपल्या मराठवाड्यातले अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार हे याच ग्रीको-रोमन प्रकारातले नामवंत मल्ल. या प्रकारात पाठ, छाती, खांदे आणि पकड यांना फार महत्त्व येतं, हे खरं आहे.

पण समोरच्याला छातीला धरून वर उचलायचं आणि मागे फेकायचं, हे काम करतं कोण? वाकलेले गुडघे सरळ होतात, कुल्ले पुढे येतात, तेव्हाच समोरचा जमिनीवरून सुटतो. म्हणजे नियमाने पायांचे डाव बंद झाले, पायांचं काम बंद झालं नाही.

७. खाशाबांकडून काय शिकायचं?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण मिळालं जपानच्या शोहाची इशी यांना. खाशाबांचा ढाक प्रसिद्ध होता. अंगापिंडाने ते लहानखुरे होते, डोळ्यांत भरणारे दंड त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्याकडे होती चपळाई, तोल आणि दोन्ही मजले एका क्षणात जोडण्याची कला.

याआधी १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले होते. मातीत वाढलेल्या मल्लाला तिथं गादीवर, वेगळ्या नियमांनी लढावं लागलं होतं. माती आणि गादी यांत पायांना पडणारा फरक समजून घ्या. मातीत पाय थोडा रुततो, वेग कमी होतो, पण आधार मिळतो. गादीवर बूट घालून खेळतात, हालचाल वेगवान होते आणि पटावरचे हल्ले झटपट येतात. हात दोन्हीकडे तेच, पण पायांना नव्याने शिकावं लागतं. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. तेव्हा कुणाचे पाय दोन्ही ठिकाणी रुळलेत, हे लगेच उघडं पडतं.

८. तालमीतला व्यायाम : जुन्या माणसांनी केलेली वाटणी

आपल्या तालमींमध्ये व्यायामाची वाटणी फार पूर्वीपासून ठरलेली आहे. म्हणून तर आपण "जोर-बैठका" असा जोडशब्द वापरतो, नुसते "जोर" किंवा नुसत्या "बैठका" म्हणत नाही.

जोर : छाती, खांदे, दंडाची मागची बाजू आणि पाठ. वरचा मजला, पण कमरेलाही लवचीकपणा मिळतो.

बैठका : मांड्या, कुल्ले, पोटऱ्या. शिवाय दम वाढतो.

दोरखंड चढणे : पकड, मनगट, दंड, पाठ.

मुद्गल आणि गदा फिरवणे : खांदे आणि मनगट. पण भार फिरत असताना सरळ उभं राहायचं म्हणजे कंबर आणि पाय घट्ट हवेत.

मल्लखांब : नावातच मल्ल आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला ऊर्जितावस्था आणली. यात मांड्यांनी आणि पायांनी खांबाला धरायचं असतं. पायांना "पकड" शिकवणारा हा व्यायाम आहे.

हौदातली माती फावड्याने उकरणे : पाय, कंबर, पाठ, हात, सगळं एका हालचालीत. बाहेरच्याला वाटतं, हे मैदान तयार करण्याचं काम आहे. खरं तर तो फार मोलाचा व्यायाम आहे, कारण तो तिन्ही भागांना एकत्र काम करायला लावतो.

९. गाडी कुठे चुकते?

अलीकडे गावागावांत जिम झाल्या. चांगली गोष्ट आहे. पण बरीच मुलं तिथं जाऊन महिनोन्‌महिने फक्त छाती आणि दंड करतात, कारण आरशात तेवढंच दिसतं आणि फोटोत तेवढंच येतं. पायांचा दिवस आला की दांडी! अशा मुलाने फडात जड पैलवान उचलायचा प्रयत्न केला, तर भार कशावर येणार? मांड्या दुबळ्या, मग सगळा ताण पाठीवर आणि गुडघ्यांवर. दुखापत तिथंच होते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. मैदानी चाचणीत १०० मीटर आणि १६०० मीटर धावणं तर पायांचंच काम. पण मुलांसाठीचा ७.२६० किलोचा गोळाही नुसत्या हाताने लांब जात नाही. मागच्या पायाने जमीन रेटायची, कंबर फिरवायची आणि शेवटी हात सोडायचा. ज्याचा गोळा कमी पडतो तो दंडाचे व्यायाम वाढवत बसतो, आणि दोष असतो पायात!

मुलींसाठी एक खास गोष्ट. सराव नसलेल्या स्त्री-पुरुषांची ताकद मोजली, तर वरच्या शरीरात जेवढा फरक दिसतो, त्यापेक्षा खालच्या शरीरात तो कमी असतो. म्हणजे पायांची ताकद ही मुलींची मोठी ठेव आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आपल्या जिल्ह्यातल्या मुलींनाही ही वाट आता मोकळी आहे.

व्यायाम करताना पुढील काळजी घ्या :

• बैठकांची संख्या हळूहळू वाढवा. पहिल्या दिवशी पाचशेचा हट्ट नको. गुडघा दुखत असताना "अंगावर काढू" म्हणू नका. वस्तादांना सांगा, डॉक्टरांना दाखवा.

• जितके दिवस वरच्या शरीराला, तितकेच दिवस खालच्या शरीराला द्या.

• पोट, कंबर आणि मान यांचा व्यायाम विसरू नका. पाइपलाइन फुटकी ठेवू नका.

• वजन उचलायला शिकताना जाणकार माणूस शेजारी हवा.

• कुणीतरी दिलेली पावडर, गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. दूध, डाळ, भाकरी, शेंगदाणे, अंडी आणि पुरेशी झोप, हा खुराक आधी पूर्ण करा.

१०. करून पाहा

प्रयोग १ : भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभे राहा. समोर पायाजवळ रुमाल टाका. टाचा न हलवता आणि गुडघे न वाकवता तो उचलून बघा. तोल का जातो? गुरुत्वमध्य पायांच्या पुढे गेल्यावर हातातली ताकद काही करू शकत नाही, हे यातून कळेल.

प्रयोग २ : भिंतीला पाठ टेकवून, पाय पसरून जमिनीवर बसा. दोन्ही हातांनी छातीजवळून चेंडू पुढे फेका आणि अंतर मोजा. आता उभे राहून, गुडघे वाकवून, तसाच चेंडू फेका. दोन्ही अंतरं वहीत लिहा. फरक जो येईल त्यात पाय आणि कंबर यांचा मोठा वाटा आहे. उभं राहिल्याने हात किती उंच आला, त्याचाही थोडा परिणाम होतो. तो कसा, याचा विचार करा.

प्रयोग ३ : वजनकाट्यावर उभे राहा आणि एखाद्या जड टेबलाची कड खालून वर ढकला. काट्यावरचा आकडा वाढेल. सुमो पैलवान खालून वर का ढकलतो, याचं उत्तर त्या आकड्यात आहे.

(तिन्ही प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली करा.)

थोडक्यात सांगायचं तर

पैलवानाचं बळ जमिनीपासून सुरू होतं, मांड्यांत मोठं होतं, कमरेतून वर चढतं आणि हातांतून बाहेर पडतं. दंड दिसतो, म्हणून आपण त्याला सगळं श्रेय देतो. पण दंडाला कमी लेखायचंही कारण नाही. पकडच नसेल तर मांडीतला जोर कुणावर लावणार? शड्डू दोन्हीकडे ठोकतात, तेव्हा व्यायामही दोन्हीकडे झाला पाहिजे.

स्वाध्याय

१. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून कपाट का ढकलता येत नाही? न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या आधारे लिहा.

२. ८० किलो वस्तुमानाच्या पैलवानासाठी घर्षणगुणांक ०.५ असेल, तर तो आडव्या दिशेने जास्तीत जास्त किती बल लावू शकेल? (गुरुत्व त्वरण ९.८ धरा.)

३. धोबीपछाड डावात टेकू, भार आणि बल कोणते ते आकृती काढून दाखवा.

४. शिको आणि बैठक या दोन व्यायामांतील साम्य व फरक सांगा.

५. तुमच्या गावातल्या एखाद्या वस्तादांना किंवा जुन्या पैलवानांना भेटा. ते पायांसाठी कोणकोणते व्यायाम करत होते ते विचारा आणि दहा ओळींत लिहा.

उत्तरं वहीत लिहून वर्गात दाखवा. आणि हो, उद्या सकाळी जोर मारून झाले की बैठकांना दांडी मारू नका!